रोथशिल्ड आडनावाच्या मागावर: फ्रँकफर्ट, माइन्झ, वोर्म्स

मंगळवार: फ्रँकफर्ट, जिथे गल्ली होती तिथे

रोथशिल्ड या बँकवाल्या घराण्याचं आडनाव कसं पडलं ते पाहायच्या या फेरीचे वार आधी ठरवावेत, तिकिटं नंतर काढावीत. सोमवारी इथली संग्रहालयं बंद असतात. शनिवारी आणि ज्यू सणांना दफनभूमीची दारं उघडत नाहीत, आणि शुक्रवारी ती लवकर मिटतात. म्हणून मंगळवारी सुरुवात करून शुक्रवारी दुपारपर्यंत संपवलं की काही चुकत नाही. पुरुषांनी टोपी जवळ ठेवावी, कारण ज्यू दफनभूमीत डोकं झाकल्याशिवाय जायचं नसतं.

विमानतळावरून एस८ किंवा एस९ लोकल थेट कोन्स्टाब्लरवाखे स्थानकात येते. वर आल्यावर दोन-चार मिनिटांच्या अंतरावर ‘आन डेर श्टाउफेनमाउअर’ नावाच्या रस्त्यालगत मध्ययुगीन तटाचा कमानींचा तुकडा उभा आहे. सुरुवात इथून करायची. १४६२ मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकच्या दबावाखाली नगरपरिषदेने शहरातल्या ज्यूंना कॅथेड्रलजवळच्या वस्तीतून उठवलं आणि या तटाच्या बाहेरच्या अंगाला बसवलं. ती युडनगासे, म्हणजे ज्यूंची गल्ली. लांबी सुमारे ३३० मीटर, रुंदी तीन ते चार मीटर, तटाच्या वळणाबरोबर वळलेली. तिला तीन दरवाजे होते आणि ते रात्री, रविवारी आणि ख्रिस्ती सणांच्या दिवशी बंद होत. गल्लीला बाहेर वाढायला परवानगी नव्हती. वस्ती मात्र वाढत गेली आणि पुढे जवळपास दोनशे घरांत तीन हजारांच्या आसपास माणसं राहू लागली. घरं उंच झाली, त्यांच्या मागे आणखी घरं झाली, एकेका घराची दोन-तीन घरं झाली.

रोथशिल्ड हे नाव या दाटीतून आलं. घरांना क्रमांक नव्हते. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. माणसांची नावं तीच तीच असत, कारण वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत होती. एकाच वेळी गल्लीत अनेक मोझेस, अनेक आयझॅक आणि अनेक मायर. नाव आणि बापाचं नाव एवढं धरूनसुद्धा कर गोळा करणाऱ्या कारकुनाला माणूस सापडेना. मग घराच्या दारावरची खूण नावाला जोडली जाई: जहाज, कोंबडा, गरुड, शहामृग, सुरई, ड्रॅगन. शिफ, हान, आडलर, श्ट्राउस, कान, द्राख ही आडनावं अशीच आली. १५६७ च्या सुमारास एलहाननचा मुलगा आयझॅक याने जे घर बांधलं त्याची खूण होती लाल ढाल, ‘त्सुम रोटेन शिल्ड’. त्या घरातले लोक रोथशिल्ड.

नाव घराला चिकटलेलं आहे, हे या प्रवासात सतत लक्षात ठेवावं लागतं. भाडेकरू बदलला की कारकुनाच्या वहीत नावही बदलू शकत होतं. रोथशिल्ड घराण्याचं वेगळेपण हे की १६६४ मध्ये आयझॅकचा वंशज नाफ्ताली हिर्झ लाल ढालीचं घर सोडून ‘हिंटरफान’ नावाच्या मागच्या, जास्त कोंदट घरात गेला, तरी नाव मागे राहिलं नाही. त्याच हिंटरफानमध्ये १७४४ मध्ये मायर आम्शेल जन्मला, ज्याने बँक उभी केली. म्हणजे ज्याच्यामुळे आडनाव जगभर गेलं तो त्या लाल ढालीखाली कधी जन्मलाच नव्हता. पैसे आल्यावर १७८० च्या दशकात त्याने घर घेतलं तेही ‘ग्रुनेस शिल्ड’, हिरव्या ढालीचं. ते जोडघर होतं. दुसऱ्या अर्ध्यात शिफ कुटुंब राहायचं. तोवर आडनाव इतकं घट्ट झालं होतं की हिरव्या ढालीच्या घरात राहूनही ते लालच राहिलं.

मायर आम्शेलचं खरं आडनाव ‘बाउअर’ होतं आणि त्याने ते बदलून रोथशिल्ड केलं, हा मजकूर इंटरनेटवर पुष्कळ फिरतो, मराठीतही. त्यात तथ्य नाही. तो जन्मला तेव्हाच त्याच्या बापाचं, आम्शेल मोझेसचं, आडनाव रोथशिल्ड होतं.

तटापासून दक्षिणेकडे चालायला लागलं की जुनी गल्ली पायाखाली आहे हे कळण्याची सोय फारशी नाही. तिच्या बऱ्याच भागावरून आता कुर्ट शुमाखर श्ट्रासे हा ट्रामचा रुंद रस्ता जातो. १७९६ मध्ये फ्रेंच तोफांनी उत्तरेकडची घरं जळाली आणि गल्लीतच राहण्याची सक्ती ढिली झाली. उरलेली घरं एकोणिसाव्या शतकात पाडली गेली. रोथशिल्डांचं घर तेवढं ठेवलं होतं, ते १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं.

दहा मिनिटांत म्युझियम युडनगासे येतं, बाटोनश्ट्रासे ४७. १९८७ मध्ये इथे महापालिकेच्या इमारतीचं खोदकाम चालू असताना १९ घरांचे पाये निघाले. ते ठेवायचे की बुजवायचे यावर शहरात मोठा वाद झाला. शेवटी पाच घरांचे पाये जपले गेले आणि १९९२ मध्ये त्यांच्याभोवती संग्रहालय उघडलं. या पाच घरांची नावं नीट वाचा: दगडी घर, गरम स्नानघर, ससाणा, लाल एडका, पांढरा एडका. शेवटची दोन नावं उपयोगाची आहेत. एकच चित्र दोन घरांना असलं की रंगाने वेगळं ओळखायचं. ढालींचंही तसंच: लाल, हिरवी, काळी. ‘श्वार्त्सशिल्ड’, म्हणजे काळी ढाल, हे फ्रँकफर्टमधलंच आडनाव. कृष्णविवराच्या सीमेची त्रिज्या ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते कार्ल श्वार्त्सशिल्ड १८७३ मध्ये याच शहरात जन्मले. रोथशिल्ड आणि श्वार्त्सशिल्ड एका कुळाचे असतील असा समज सहज होतो. पण नावातलं साम्य ढालीचं आहे, त्यावरून रक्ताचं नातं काढता येत नाही.

घरांच्या पायांमधून फिरताना खोल्यांची मापं डोळ्यांनी घ्यावीत. एका जिन्यावर, एका भिंतीआड किती कुटुंबं असतील याचा अंदाज येतो, आणि एकाच घराचं नाव परस्परांशी काही संबंध नसलेल्या लोकांना का लागलं तेही कळतं. कोणी ‘आमचे पूर्वज रोथशिल्ड’ म्हणालं तर ते खोटं बोलत असतील असं नाही. पण बँकवाल्यांशी नातं सिद्ध करायला नुसतं आडनाव पुरत नाही.

शेजारीच जुनी ज्यू दफनभूमी. चावी संग्रहालयाच्या स्वागतकक्षातून मिळते, ओळखपत्र ठेवावं लागतं. पासपोर्टऐवजी दुसरं काही चालतं का ते तिथेच विचारा. इथला सर्वांत जुना दगड १२७२ चा आहे आणि शेवटची दफनं १८२८ ची. एकेकाळी साडेसहा हजारांच्या आसपास दगड होते. नाझी काळात त्यांतले बरेचसे फोडले गेले, सुमारे अडीच हजार उरले. मायर आम्शेल इथेच पुरलेला आहे.

दगड वाचायची एक पद्धत आहे. सगळा मजकूर हिब्रूत असतो, त्यामुळे लॅटिन लिपीतलं ‘रोथशिल्ड’ शोधत बसू नका. आधी खूण शोधा. फ्रँकफर्टच्या दगडांवर मृताच्या घराचं चित्र कोरलेलं असे, त्यामुळे लिपी न येणाऱ्यालाही जहाज, कोंबडा, ड्रॅगन ओळखता येतात. त्यानंतर ‘बेन’ (मुलगा) किंवा ‘बात’ (मुलगी) या शब्दापुढचं बापाचं नाव. शेवटी साल. साल अक्षरांत लिहिलेलं असतं आणि त्यातले पाच हजार बहुधा गाळलेले असतात. अक्षरांची बेरीज करून तिच्यात १२४० मिळवले की इसवी सन येतं.

इथे एक चूक हमखास होते. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, जानेवारीत नाही. मायर आम्शेल वारला १९ सप्टेंबर १८१२ ला. तेव्हा ज्यू वर्ष ५५७३ लागून बारा दिवस झाले होते. ताव ४००, कोफ १००, आयिन ७०, गिमेल ३, एकूण ५७३. त्यात १२४० मिळवले तर १८१३ येतं, म्हणजे एक वर्ष पुढे. नव्या ज्यू वर्षापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मृत्यूंना १२३९ मिळवायचे. वंशावळीत वडील आणि मुलाच्या तारखा जुळत नाहीत तेव्हा पहिला संशय या एका आकड्यावर घ्यावा.

इथला दगड बहुतेक तांबड्या वालुकाश्माचा आहे आणि त्याचे पापुद्रे सुटतात. खडू, पीठ, शेव्हिंग फोम असलं काही लावू नये, हाताने घासूही नये. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात तिरपा प्रकाश पडतो तेव्हा अक्षरं आपोआप उठून दिसतात. ढगाळ दिवशी मोबाईलची टॉर्च दगडाला लागून बाजूने धरावी आणि फोटो समोरून काढावा.

दफनभूमीच्या बाहेरच्या भिंतीवर सगळीकडून छोटे धातूचे ठोकळे बसवलेले आहेत, अकरा हजारांहून जास्त. फ्रँकफर्टमधून नेऊन मारल्या गेलेल्या ज्यूंची ही नावं १९९६ पासून इथे आहेत: नाव, जन्मतारीख, आणि ठाऊक असेल तिथे मृत्यूचं स्थळ व तारीख. क्रम आडनावांच्या वर्णक्रमाने आहे. आडलर, कान, शिफ, श्ट्राउस, रोथशिल्ड सगळे सापडतात. गल्लीतल्या घरांच्या खुणा इथे विसाव्या शतकात शेवटच्या एकत्र वाचायला मिळतात. लोक ठोकळ्यांवर खडे ठेवून जातात, ते हलवू नयेत.

बुधवार: राजवाडा आणि दप्तर

मायन नदीच्या काठावरचं ज्यू संग्रहालय रोथशिल्ड पाले नावाच्या वाड्यात आहे. वाडा १८२०-२१ मध्ये श्पायर नावाच्या बँकरसाठी बांधला गेला आणि १८४६ मध्ये मायर कार्ल रोथशिल्डने विकत घेतला. आडनावाच्या अंगाने इथे पाहण्यासारखं आहे ते घराण्याचं चिन्ह. मायर आम्शेलच्या पाच मुलांनी फ्रँकफर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स आणि पॅरिस वाटून घेतली. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने १८१७ मध्ये या भावांना नावापुढे ‘फोन’ लावायचा मान दिला आणि १८२२ मध्ये बॅरन केलं. १८२२ च्या चिन्हात पाच बाण धरलेली मूठ आहे आणि मधोमध लाल ढाल. गल्लीतली खूण अशी सरदारी चिन्हात चढली. त्यांची आई गुटले मात्र गल्लीतलं हिरव्या ढालीचं घर सोडायला तयार नव्हती आणि १८४९ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, वारली ती तिथेच राहत असताना.

फ्रँकफर्टची शाखा १९०१ मध्ये संपली, कारण विल्हेल्म कार्लला मुलगा नव्हता. त्याचा जावई माक्सिमिलियान गोल्डश्मिट याने पुढे गोल्डश्मिट-रोथशिल्ड असं जोडनाव घेतलं. जर्मन नोंदींत जोडनावं दिसली की बायकोच्या माहेरचा विचार आधी करावा; बऱ्याचदा तिथेच धागा असतो. मुलींच्या बाजूचा असाच एक धागा मुंबईला पोचतो. डेव्हिड ससून यांचे नातू एडवर्ड ससून १८५६ मध्ये मुंबईत जन्मले. १८८७ मध्ये त्यांचं लग्न पॅरिसच्या गुस्ताव्ह द रोथशिल्ड यांची मुलगी आलीन हिच्याशी झालं. पुण्याचं ससून रुग्णालय, मुंबईचा ससून डॉक आणि ही लाल ढाल एकाच सोयरिकीत येतात ती अशी.

वाड्यापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर कार्मेलीटरक्लोस्टर या जुन्या मठात शहराच्या इतिहासाची संस्था आहे. नगराचं दप्तर तिथे पाहायला मिळतं. वाचनकक्षात नुसतं जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. आधी ईमेल करून कोणत्या घराचं आणि कोणत्या काळाचं काय हवं ते कळवावं. १९४४ च्या हल्ल्यांत दप्तराचा मोठा भाग जळाला, म्हणून १९०७ मध्ये अलेक्झांडर डीट्झ यांनी छापलेलं ज्यू घराण्यांचं संकलन आजही हाताशी लागतं. शोधताना आडनावाबरोबर घराचं नावही लिहून न्या. स्पेलिंगचा हट्ट धरू नका. ‘रोट’ या शब्दातला जादा ‘एच’ जर्मन शुद्धलेखनाच्या सुधारणांनी १९०१ पर्यंत सामान्य शब्दांतून काढला, आडनावांत तो राहिला. त्याआधीच्या कागदांत एचसह, एचविना, शेवटी ‘डीटी’ असलेली सगळी रूपं एकाच माणसाची असू शकतात.

जेवण उरकून रोमरबेर्गला जावं. नगरपालिकेची इमारत आजही ‘रोमर’ म्हणवते. ते मूळ घराचंच नाव. शहराने १४०५ मध्ये ते घर विकत घेतलं. शेजारी २०१८ मध्ये पुरी झालेली नवी जुनी पेठ आहे. त्यात ‘गोल्डेन वागे’, सोन्याचा तराजू, हे घर जसंच्या तसं पुन्हा बांधलेलं आहे. ख्रिस्ती फ्रँकफर्टही घरांच्या खुणांनीच ओळखलं जायचं, हे इथे दिसतं. मग आडनावं गल्लीतच का पडली? बाहेरच्या लोकांत वंशपरंपरेची आडनावं आधीच रुळली होती, त्यामुळे घराचं नाव घराला राहिलं. गल्लीत बापाच्या नावावर भागत होतं, म्हणून जागा रिकामी होती आणि घराची खूण तिथे जाऊन बसली.

वेळ उरला तर यू५ मेट्रो पकडून राट-बाइल-श्ट्रासेच्या दफनभूमीत जा, १८२८ नंतरची. गुटले आणि पुढचे रोथशिल्ड इथे आहेत. घरांच्या खुणा आता दिसत नाहीत आणि हिब्रूच्या जोडीला जर्मन अक्षरं येऊ लागतात, त्यामुळे आडनाव सरळ वाचता येतं.

गुरुवार: माइन्झ

एस८ ने साधारण चाळीस मिनिटं. फ्रँकफर्ट-माइन्झ प्रवास आरएमव्हीच्या, म्हणजे फ्रँकफर्ट परिसराच्या परिवहन मंडळाच्या, दिवसाच्या तिकिटात होतो. तिकीट काढताना यंत्रावर ‘माइन्झ’ हे ठिकाणच निवडा, नुसतं फ्रँकफर्ट शहराचं तिकीट इथे चालत नाही.

माइन्झला यायचं ते न टिकलेल्या नावासाठी. छपाईवाला गुटेनबर्ग हा पूर्ण नावाने योहानेस गेन्सफ्लाइश त्सुर लाडेन त्सुम गुटेनबर्ग, आणि ही तिन्ही घरांची नावं आहेत. बाप गेन्सफ्लाइश त्सुर लाडेन लावायचा. गुटेनबर्ग हे वाड्याचं नाव १४२० च्या दशकापासून कुटुंबाच्या नावांत येऊ लागलं. त्याच्या ४२ ओळींच्या बायबलवर त्याचं नाव कुठेही छापलेलं नाही. ते सापडतं ते न्यायालयाच्या आणि देण्याघेण्याच्या कागदांत, विशेषतः १४५५ च्या नोटरीपत्रात, जिथे भांडवल पुरवणाऱ्या योहान फुस्टशी झालेला तंटा नोंदलेला आहे. १४६८ मध्ये तो वारला. त्याला मुलं असल्याची नोंद नाही. आजचा कोणी गुटेनबर्ग त्याचा वंशज म्हणून पुढे आला तर घराच्या नावाचा हा इतिहास त्याच्यापुढे ठेवावा.

गुटेनबर्ग संग्रहालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी केलेली आहे आणि प्रदर्शन नैसर्गिक इतिहास संग्रहालयात हलवलं आहे, तेव्हा पत्ता आदल्या दिवशी तपासा. गुटेनबर्ग वाडा आता नाही. जवळच क्रिस्टोफ चर्च आहे, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर युद्धस्मारक म्हणून भग्नच ठेवलेलं. माइन्झला अर्धा दिवस पुरे.

शुक्रवार: ओपनहाइम आणि वोर्म्स

माइन्झहून एस६ ऱ्हाइनच्या काठाने दक्षिणेला जाते. वोर्म्स वेगळ्या परिवहन मंडळात आहे, त्यामुळे आदल्या दिवसाच्या जातीचं आरएमव्ही तिकीट इथपर्यंत धरत नाही. ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्याचं एक दिवसाचं तिकीट घ्यावं. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं, नऊच्या आधीच्या गाडीत चढू नका.

वाटेत ओपनहाइम. कॅथरिन चर्च आणि गावाखालची तळघरं बघायला तासभर उतरता येतं. गावावरून पडलेली आडनावं आपल्या पुणेकर-सातारकरांसारखीच: गाव सोडल्यावर दुसऱ्या गावाने दिलेली. ओपनहाइमर शोधायचे तर ओपनहाइममध्ये नव्हे, बाहेर शोधावे. व्हिएन्नाच्या दरबाराला पैसा पुरवणारे सॅम्युएल ओपनहाइमर हायडेलबर्गचे, आणि अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहाइमरचे वडील फ्रँकफर्टजवळच्या हानाउचे.

वोर्म्स स्थानकापासून ‘हायलिगर झांड’ दफनभूमी पायी गाठता येते. श्पायर, वोर्म्स आणि माइन्झ यांच्या ज्यू वारशाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्यात ही आहे. अकराव्या शतकापासूनचे दगड इथे उभे आहेत. दोन दगड शेजारी शेजारी शोधा, त्यांवर नेहमी खडे आणि चिठ्ठ्या असतात. एक रोथेनबुर्गच्या मायरचा. हा मोठा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, १२९३ मध्ये राजाच्या कैदेत वारला आणि त्याचा देह चौदा वर्षं परत दिला गेला नाही. दुसरा आलेक्सांडर विम्फेनचा, ज्याने १३०७ मध्ये पैसे भरून तो देह सोडवला. रोथेनबुर्ग आणि विम्फेन, दोन्ही गावंच. ही अजून आडनावं नाहीत, माणूस कुठला ते सांगणारी ओळख आहे. मुलाला ती लागेलच असं नव्हतं.

ती कायमची कशी झाली त्याचा कागद नगरदप्तरात असतो. ऱ्हाइनचा डावा काठ १७९८ ते १८१४ फ्रेंच अमलात होता. २० जुलै १८०८ च्या नेपोलियनच्या हुकुमाने आडनाव नसलेल्या ज्यूंना तीन महिन्यांत एक निवडून नगरपालिकेत नोंदवायला लावलं. नव्याने घ्यायच्या नावांत बायबलच्या जुन्या करारातली नावं आणि शहरांची नावं चालणार नव्हती. आधीपासून ठरलेपणाने वापरात असतील तर ठेवता येत. म्हणून १८०८ च्या यादीत कोणी ‘वोर्म्स’ किंवा ‘ओपनहाइमर’ दिसला तर नाव बहुधा त्याआधीचंच, आणि मागे शोध घेण्यात अर्थ आहे. नवीन घेतलेल्या नावामागे मात्र नुसती आवडही असू शकते. यादीत जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी असतं, ती जोडी टिपून घ्या, कारण १८०८ आधीचा माणूस जुन्या नावानेच सापडेल. कागद फ्रेंचमध्ये असतात आणि १८०५ अखेरपर्यंतच्या नोंदींवर क्रांतीच्या पंचांगातल्या तारखा आहेत, ब्रुमेर, जर्मिनाल वगैरे. बदलाचं कोष्टक सोबत ठेवा.

वोर्म्स हे आडनाव रोथशिल्डांच्या घरातही शिरलं. मायर आम्शेलची थोरली मुलगी शोन्खे हिचं लग्न १७९५ मध्ये बेनेडिक्ट मोझेस वोर्म्सशी झालं. त्यांच्या मुलांपैकी मॉरिस आणि गेब्रिएल श्रीलंकेत गेले आणि १८४० च्या दशकात पुस्सेल्लावाच्या डोंगरात त्यांनी कॉफीचा मळा केला, चहाही लावून पाहिला. मळ्याला त्यांनी बापाचं आडनाव दिलं नाही. तो रोथशिल्ड इस्टेट म्हणूनच ओळखला जातो.